टाकीचा वास आणि टपरीचा चहा

"गेला! गेला! बाबांनी वास घालवला!"

शुक्रवारची आठवडी सुट्टी असूनही काल्हेरजवळच्या, कापड रंगवणाऱ्या त्या डाइंग कारखान्याची शेड माणसांनी भरली होती. सांडपाण्याच्या टाकीतून सडक्या अंड्यांचा वास येत होता, तो गंधहरबाबांनी नुसत्या जपाने नाहीसा केला होता. मीही तिथेच भक्तांत बसलो होतो. खरं सांगायचं तर मलाही वास येईना. डोळे तेवढे चुरचुरत होते. बाबा त्याला भक्तीचे अश्रू म्हणत.

"जागचं हलायचं नाही!" बाबांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. "हलेल त्याला वास परत येईल. वास म्हणजे टाकीत अडकलेला अतृप्त जीव. तो मी गिळला. हा पुरावा!" त्यांनी मनगट उंचावलं. सकाळी लखलखणारं चांदीचं कडं काळं पडलं होतं.

मालक माधवशेठ गहिवरले. टाकी साफ करायला पंप, पंखे, यंत्रं लागली असती; बाबांचं शाल आणि नारळात भागलं.

"हिरामण, वास गेलाय. उतर खाली, गाळ काढ," शेठनी फर्मावलं.

टाकी साफ करणारा कामगार हिरामण शिडीकडे निघाला. त्याची बायको चंद्रा तिथेच पॅकिंगला होती. तिने त्याचा सदरा धरला.

"नको उतरू. माझा जीव न्हाय मानत."

"येडी हायस काय? वास येतो का, सांग."

"न्हाय... पण टीचरला फोन केलाय. तेवढं थांब."

सुचेता टीचर म्हणजे चंद्राच्या चाळीत राहणाऱ्या, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई. त्या दारात आल्या आणि त्यांनी झटकन नाकाला ओढणी लावली.

"शी! केवढा वास!"

सभा चपापली. बाबा मंद हसले. "श्रद्धा कमी पडते, बाई."

"असेल. शेठ, श्रद्धा असलेल्यांना चहा तरी पाजा. बाहेर टपरीवर."

"हलू नका!" बाबा गरजले. भक्तांची श्रद्धा अढळ होती, पण चहा फुकट होता. शेड रिकामी झाली. हिरामणही शिडी सोडून निघाला.

चहा-गप्पा उरकून सगळे परतले, तशी भक्तांत सगळ्यात पुढे असलेली सीताबाई दारातच ओरडली, "आयो! आला परत!"

"या बाईच्या पायगुणाने आला!" आतून बाबा म्हणाले. "मला बघा, काही येत नाही."

"येणार कसा? तुम्ही उठलाच नाहीत," टीचर म्हणाल्या. "चला, तुमचाही चहा राहिलाय."

"चला महाराज, आलं टाकलंय!" सीताबाईने त्यांना हाताला धरून उठवलंच. बाबा उपाशी असावेत. त्यांनी दोन कप घेतले, वर बिस्किटं. मग गावाने त्यांना मिरवत परत आणलं. दारात पाऊल पडताच बाबांचा हात आपोआप वर गेला आणि शालीचं टोक नाकाला लागलं.

हशा एवढा झाला की ट्रकवाले थांबून बघू लागले.

"आणि कडं?" शेठनी केविलवाणं विचारलं.

चंद्राने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. चांदीची जोडवी काळीठिक्कर! "मग मी पन बाबाच की!"

टीचरनी सगळ्यांना गेटबाहेर नेलं. "हायड्रोजन सल्फाइड. गाळ सडला की हा वायू तयार होतो. चांदी काळी करतो. एका जागी बसलं की नाक वासाला सरावतं. अत्तर लावणाऱ्याला स्वतःचं अत्तर कुठे जाणवतं? पण हा वायू वाढला, तर वास घेण्याची शक्तीच मारतो. हवेपेक्षा जड, म्हणून टाकीच्या तळाशी साचतो. गाळ ढवळला की आणखी सुटतो. तिथे वास येत नाही, दोनचार श्वासांत माणूस कोसळतो. मग त्याला काढायला उतरलेला दुसराही."

हिरामण शेठकडे वळला. "शेठ, मी न्हाय उतरनार."

"मग टाकीचं काय?"

"बाबांना उतरवा," सीताबाई म्हणाली. "जीव पोटातच हाय त्यांच्या."

बाबांना तेवढ्यात आठवलं की अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर भक्त खोळंबले आहेत. शाल नाकाला तशीच धरून ते निघाले.

शेवटी बाहेरून पंप लावून गाळ उपसला. टाकीत कोणी उतरलं नाही. शेठना आता वायू मोजायचं यंत्रही घ्यावं लागलं, आणि ते नारळावर मिळत नाही.

चंद्राची जोडवी अजून काळीच आहेत. हिरामण घासून द्यायला निघाला तर म्हणते, "राहू दे. तुझ्या नाकापरीस हीच खरं बोलतात."

तेव्हा वाचकहो, कारखान्यातला असला वास अचानक गेला, तर हात जोडू नका. आधी पाय उचला.