क्लचताईंचा पाय

निम्म्या शहराला गाडी शिकवणाऱ्या बाईला क्लचताई हे नाव पडलं, यात नवल काहीच नाही. भल्याभल्यांना त्यांनी गाडीत रडवलं होतं आणि शेवटी रस्त्यावरही आणलं होतं. पण परदेशी डॉक्टरीणबाई शिकायला आल्या आणि ताईंची दातखीळ बसली. बाईंना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं.

तशी ताईंनी तयारी कसून केली होती. सासूबाईंना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवायचं, हातात ताट द्यायचं आणि "प्लीज टर्न द स्टिअरिंग लेफ्ट" म्हणायचं. सासूबाई ताट डावीकडे वळवायच्या. "मला कळलं, म्हणजे कुणालाही कळेल," असं सर्टिफिकेटही त्यांनी देऊन टाकलं होतं.

गाडीत मात्र वाक्य जुळेपर्यंत वळण निघून जायचं. मग ताईंचा पाय आपसूक ब्रेकवर पडायचा. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, तो अडीअडचणीसाठी. ताईंनी पहिला धडा सगळा त्या ब्रेकवरच उरकला, तोंड उघडलंच नाही.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी ताईंना बोलावून घेतलं. "ताई, त्या म्हणतात, गाडी आपोआप थांबते, मला कुणी काही सांगतच नाही. उद्याही असंच झालं तर मी त्यांना माझ्या भाच्याकडे शिकायला देतो. त्यांच्या हॉस्पिटलमधल्या बाकीच्या बायका येणार आहेत, त्याही मग त्याच्याकडेच."

भाचा इंग्रजी फाडफाड बोलायचा आणि दरवर्षी एक क्लच जाळायचा. ताईंना ते झोंबलं. पण खरा राग आला तो स्वतःचाच. जन्मभर दुसऱ्यांची भीती घालवली आणि आता आपणच घाबरतोय, याची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी रिकाम्या मैदानावर नेली. चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. एक हात तेवढा हँडब्रेकवर ठेवला. आता जे काही करायचं ते तोंडाने.

गाडी निघाली. लांबवर भिंत दिसत होती, ती जवळ यायला लागली. ताईंचा मांडीतला पाय वळवळला. प्लीज शोधत बसायला वेळ नव्हता.

"स्लो," त्या म्हणाल्या. "मोअर स्लो. नाउ ब्रेक."

गाडी भिंतीच्या बरीच अलीकडे थांबली.

"गुड. अगेन."

मग तोंड सुटलं ते सुटलंच. चुकायच्या, हाताने दाखवायच्या, पुन्हा बोलायच्या. एका वळणावर डॉक्टरीणबाईंनी क्लच पटकन सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

अशा वेळी ताईंचं एक ठरलेलं वाक्य असायचं. गाडी बंद पडलीय, मेली नाही, चावी फिरवा. तेच त्या इंग्रजीत सांगायला गेल्या.

"कार स्टॉप. कार नॉट डेड. यू..."

पुढचं काही केल्या आठवेना. पाय खाली उतरायला निघाला. ताईंनी गुडघा दाबून धरला.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. त्यांनी शब्द पुरवला नाही, घाईही केली नाही. ताईंच्या तोंडासमोर हवेतच चावी फिरवून दाखवली.

ताईंना हसू आलं. "स्टार्ट," त्या म्हणाल्या. "यू स्टार्ट. आय ऑल्सो स्टार्ट."

परतल्यावर मालक दारातच उभे होते. त्यांनी काही विचारायच्या आत ताई डॉक्टरीणबाईंकडे वळल्या.

"टुमॉरो, रोड."

"सेम टाइम," बाई म्हणाल्या.