दातवाल्या मावशींची सुट्टी

गल्लीत त्यांना सगळे दातवाल्या मावशी म्हणत. दातांच्या डॉक्टर त्या नव्हेत. डॉक्टर लोक तोंडाचं माप घेऊन पाठवत आणि मावशी घराच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवत. टेबलावर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. घरात एवढी तोंडं, पण ‘जेवलीस का’ म्हणून विचारणारं एक नाही, असं त्या स्वतःशीच म्हणत आणि स्वतःच हसत.

नवरा होता तोवर दाराशी येऊन “पुरे आता” म्हणायचा. “एवढं झालं की आलेच,” म्हणत मावशी आणखी बराच वेळ बसायच्या, पण उठायच्या. तो गेला आणि पुरे म्हणणारं कोणी उरलं नाही. दोन डॉक्टरांची कामं होती, ती पाचांची झाली. “तुमच्यासारखा हात नाही हो कुणाचा,” असं कोणी म्हटलं की मावशी हरभऱ्याच्या झाडावर चढायच्या आणि आणखी एक जबडा ठेवून घ्यायच्या.

अलीकडे तोच हात थरथर कापायला लागला होता. मेणात दात बसवताना सुरी निसटायची. मग डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरायचं आणि काम उरकायचं. हात गेला तर पुढे काय, हा विचार रोज यायचा, आणि मावशी रोज त्याला ‘नंतर ये’ म्हणून वाटेला लावायच्या.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आधी नुसतं हसूच ऐकू आलं.

“मावशी, ते म्हातारं जोडपं आहे ना, त्यांची अदलाबदल केलीत तुम्ही! आजोबांचे थोराड दात आजींच्या मापावर, आणि आजींचे नाजूक दात आजोबांना!”

“अगं बाई!”

“आजी आरशात बघून म्हणतात, इतकी वर्षं ह्यांचं तोंड सहन केलं, आता माझ्याच तोंडात बसवताय होय?”

मावशीही खळखळून हसल्या. दात अजून मेणातच होते, काढून पुन्हा बसवता येणार होते. पण इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“दोघांच्या दातांचे डबे परत पाठवते. उद्या द्याल ना? आणि अजून एक अर्जंट आहे.”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात फोन धरलेल्या हाताकडे लक्ष गेलं. तो कापत होता, आणि अजून सकाळच होती.

“नाही जमणार. आठ दिवस काम बंद ठेवतेय मी.”

“रागावलात? मी आपली गंमत केली हो.”

“छे गं.”

“मग बरं नाहीये का?”

“बरी आहे. म्हणूनच. आजारी पडून सुट्टी काय, कोणीही घेतं.”

“आणि आजी-आजोबा?”

“मऊ खायला सांग आठ दिवस. आणि मला शिव्या घालायच्या तर घालू देत. बिनदातांच्या शिव्या लागत नाहीत.”

फोन ठेवला आणि आता करायचं काय, हेच त्यांना कळेना. जबड्यांवर फडकं टाकलं. भर दिवसा पलंगावर आडव्या झाल्या. अंग पडलं, पण कान जागेच. नळ ठिबकत होता. वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली. मग काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’शी मात्र मावशींची ओळख नव्हती. काम संपत नव्हतं असं नाही, त्याच संपू देत नव्हत्या. काम संपलं की ही खोली होती, आणि या खोलीत तो नव्हता.

उठावं, एखादा जबडा तरी घ्यावा, म्हणून त्यांनी पाय खाली टेकवलेही. फरशी गार लागली. तशाच बसून राहिल्या. एरवी रडू आलं की ‘आधी हातातलं होऊ दे’ म्हणून ते गिळायचं. आज हातात काहीच नव्हतं. चांगल्या हुंदके देऊन रडल्या. उशीच्या अभ्र्यालाच नाक पुसलं. धुणार आपणच, मग लाजायचं कुणाला?

मग त्यांनी पाय वर घेतले. खिडकीतलं ऊन सरकत सरकत तोंडावर आलं. पडदा ओढायलाही त्या उठल्या नाहीत.