राखीला बोलतं करणारा पुठ्ठा

मी पुठ्ठा बोलतोय. साखरखेर्ड्याच्या बाजारात साडीच्या खोक्याचं झाकण होतो. डिंपलने मला कापून माझ्यावर चित्र काढलं: भाकरीची टोपली शेजारी ठेवून बसलेली बाई आणि मागून भाकरी पळवणारी शेळी. शेळीची शेपटी जरा लांबच झाली, त्यामुळे मुलं तिचे पाय पाच मोजतात. मी ते मनाला लावून घेत नाही.

डिंपल बंजारा तांड्यातली, शिक्षिका व्हायला शिकतेय. अंगणवाडीतल्या मुलांना घरच्या बोलीत किती बोलता येतं, हे तिला तपासायचं होतं. आधी मराठीतल्या चाचणीत तांड्यातलीच छोटी राखी गप्प बसली होती आणि अंगणवाडीच्या प्रेरणाताईंनी तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'बोलत नाही.' या वेळीही ती गप्प राहिली, तर सोबतिणी पहिलीत जाणार आणि ती अंगणवाडीतच राहणार होती.

डिंपलने मला दोघींना चित्र दिसेल असं धरलं आणि बोलीत विचारलं, काय दिसतंय? राखीने माझ्याकडे पाहिलं, डिंपलकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. मला फार वाईट वाटलं. माझ्यात सांगण्यासारखं काहीच नाही की काय?

दारात राखीची आजी झुंबरबाई बसली होती. ती प्रेरणाताईंना म्हणाली, "ताई, चित्र डिंपलले दिसून राह्यलं, तुमाले दिसून राह्यलं. मंग पोरीनं सांगावं कोणाले? बाजारातून आली का मले समदं सांगते, काऊन का म्या पाह्यलेलं नसते."

"हाव, हे माह्या ध्यानातच नाही आलं," प्रेरणाताई म्हणाल्या.

डिंपलने मला फिरवलं. चित्र राखीकडे, दुकानाचं छापील नाव स्वतःकडे.

मग राखी थांबेचना. शेळीचं नाव काय, ती कोणाच्या घरची, सगळं सांगून झालं. बाई मागे का बघत नाही? तर तिचं बाळ रडतंय, ती त्याला समजावतेय. बाळ तर माझ्यावर काढलेलंच नाही. डिंपलला लिहिता लिहिता पुरेवाट झाली. प्रेरणाताईंना शब्द कळत नव्हते, तरी त्या हसत होत्या. त्यांनी जुना शेरा खोडला आणि लिहिलं, 'स्वतःच्या बोलीत भरपूर बोलते. मराठी आपण शिकवायची.'

राखी आता पहिलीत आहे. माझे कोपरे मऊ पडलेत, पण काम सुरूच आहे. एकच सांगतो. मला हातात घ्याल तेव्हा चित्र मुलाकडे आणि पाठ स्वतःकडे ठेवा. तुम्हाला जे दिसत नाही, ते मूल सांगेल.