खांबताई बसल्या

पांढरा सोफा विकला गेला. खांबताईंनी विकला, आणि चक्क त्याच्यावर बसून विकला.

पण असं काही झालंच नाही, असं आपण तूर्त धरून चालू. कारण ज्या सकाळची ही गोष्ट, त्या सकाळी खांबताई सोफ्यांच्या दुकानात भिंतीशी उभ्या होत्या आणि मालक त्यांची बदली कपाटांच्या विभागात करायला निघाले होते.

"कपाटासमोर उभं राहिलेलं चालतं," मालक म्हणाले. "किंबहुना उभंच राहावं लागतं. तुमच्या प्रकृतीला मानवेल."

खांबताई हे नाव दुकानानेच ठेवलेलं. जिकडे बघावं तिकडे सोफे, आणि ही एकटी बाई कधी टेकायची नाही. गिऱ्हाइकाला बसवायची, पाठीशी उशी सारायची, फोमचं कुळ-मूळ सांगायची, पण स्वतः उभी. डबासुद्धा उभ्यानेच खायची. नवीन लागलेल्या एका मुलीने तर पहिल्या दिवशी तिच्या खांद्याला पर्स अडकवली होती. तिला लांबचं कमी दिसायचं हे खरं, पण ताई हलल्याही नव्हत्या हेही खरंच.

आता मालकांनी नवा नियम काढला होता. गिऱ्हाईक बसलं की विकणाऱ्यानेही शेजारी बसायचं. उभ्या माणसाकडून कोणी आराम विकत घेत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"महिनाअखेरपर्यंत बघू," मालक म्हणाले. "बसलात तर सोफे, नाहीतर कपाटं."

"सबब विनंती की, या निर्णयाचा फेरविचार व्हावा," खांबताई म्हणाल्या.

"विचाराधीन आहे."

हे दोघं भांडत नव्हते. मालक आधी सरकारी कचेरीत होते. निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. दुकानात पंखा लावायचा असला तरी "उकाडा वाढल्याने पंखा सुरू करण्यात यावा" असं तोंडी म्हणावं लागे. मालक म्हणत, "विचाराधीन आहे." मग कोणीतरी उठून बटण दाबे.

खांबताईंना सोफे जिवापाड आवडायचे. कपाटांबद्दल त्यांचा आकस नव्हता, पण कपाटाला मांडी नसते. खरी अडचण मालकांना सांगण्यासारखी नव्हती. पाळी न कळवता येणाऱ्या पाहुण्यासारखी केव्हाही यायची, आणि आली की बिछाना पसरून मुक्काम ठोकायची. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, गर्भाशयातली गाठ लहान आहे, घाबरायचं कारण नाही, रक्तवाढीच्या गोळ्या चालू ठेवा आणि मधूनमधून दाखवत राहा. गोळ्या चालू होत्या. रक्तही वाढत होतं, फक्त थांबत नव्हतं. एकावर एक दोन पॅड लावूनही भरवसा नव्हता. कधीकाळी कोणाच्या तरी नव्या चादरीवर डाग पडला होता, आणि यजमानीणबाई "असू दे गं, असू दे" असं इतक्या मोठ्याने म्हणाल्या होत्या की शेजारच्या घरालाही ते असू द्यावं लागलं. तेव्हापासून ताई उभ्या होत्या.

"वहिनी, तू बाई आहेस की बसथांबा?" संध्याकाळी नणंद म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची, त्यामुळे तिला कशाचीच लाज उरली नव्हती. "पाळीसाठी वेगळी चड्डी मिळते. धुवायची, वाळवायची, परत घालायची. आत शोषणारे थर असतात."

"चड्डी? नुसती?"

"नुसती नाही गं, थरांची. मी तीन प्रकारच्या आणते. तुला जी पटेल ती."

"घालून बघू आणि फसली तर?"

"घालून कशाला बघायचं? तुम्ही सोफ्याचं कापड घालून बघता का?"

इथे खांबताईंच्या डोक्यात उजेड पडला.

दुकानात डाग न धरणारं कापड दाखवायला लाल पाण्याची एक बाटली असे. गिऱ्हाइकासमोर कापडावर ओतायचं, पुसायचं, आणि "बघा" म्हणायचं. खांबताईंनी हा खेळ इतक्या वेळा केला होता की घरी भाजीवर पाणी शिंपडलं तरी तोंडातून "बघा" निघे. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्या नणंदेला घेऊन आल्या. एका स्टुलावर टिपकागद अंथरला, त्यावर पहिली चड्डी उलगडली.

पहिलीला लेस होती. तिच्यावर लाल पाणी पडलं आणि ते पाणी आल्या पावली कडेने बाहेर पडलं.

"हिचा फक्त तोंडावळा चांगला," खांबताई म्हणाल्या आणि त्यांनी टिपकागद बदलला.

दुसरीने पाणी नीट प्यायलं. पण शोषणारा भाग मागच्या बाजूला अर्ध्यावरच संपत होता. खांबताईंनी बोट फिरवून बघितलं. "ही उभ्या बाईची आहे. बसलं की सगळं मागे सरकतं. मला बसायचंय."

तिसरी काळी, कंबरेच्या वरपर्यंत येणारी, थेट मागच्या पट्ट्यापर्यंत थर असलेली.

"ही मामंजींची तर नाही ना?" खांबताईंनी विचारलं.

"ओत," नणंद म्हणाली.

ओतलं. जिरलं. खांबताईंनी वर एक प्लास्टिक आणि उशी ठेवली. "आता तू बस. दाब दिल्याशिवाय फोम कळत नाही."

नणंद उशीवर बसली आणि तेवढ्यात मालक आत आले.

मालकांनी स्टूल बघितलं, बाटली बघितली. नणंद सवयीने उठून उभी राहिली. मालकांनी उशी आणि प्लास्टिक बाजूला केलं, काळं कापड उचललं, खालचा टिपकागद बोटाने चाचपला. कोरडा ठणठणीत.

"हे कापड कुठलं?" मालकांचा आवाज बदलला होता. "पन्ना केवढा मिळतो?"

"पन्ना लहान आहे," नणंद म्हणाली. "कंबरेच्या मापाने येतं."

"तागा घेतला तर?"

"ताग्यात येत नाही."

"आपण काढायला लावू. पांढऱ्या सोफ्याला आतून हेच लावायचं. कशासाठी वापरतात हे?"

नणंदेने सांगितलं. आवाज न वाढवता, औषधाचा डोस सांगावा तसं.

मालकांनी ते कापड स्टुलावर परत ठेवलं. नीट, घडी घालून. मग ते कपाटांच्या विभागात गेले आणि बराच वेळ एकाच कपाटाचं दार उघडझाप करत राहिले. परत आले ते घसा खाकरत.

"सदर वस्तू कोठे उपलब्ध आहे, याची माहिती मिळावी," ते नणंदेला म्हणाले. "आमच्या घरी... तीही बसत नाही फारशी."

"विचाराधीन आहे," नणंद म्हणाली. मग दुकानाचं नाव सांगितलं. "आणि थंड पाण्यात धुवायची म्हणावं. ते कपडे मऊ करणारं सुगंधी पाणी घालायचं नाही, थर बुजतात. जास्त जात असेल तर दुपारी बदलायची. एका चड्डीवर दिवस काढणं म्हणजे वाटीकडे विहिरीचं काम मागणं."

मालकांनी मान डोलावली. अशी मान त्यांनी कचेरीतही डोलावली नसेल.

खांबताईंनी तिसऱ्या प्रकारच्या चारपाच घेतल्या. पाळी आली तेव्हा आधी घरी लाकडी खुर्चीवर बसून बघितलं, मग पलंगावर. दर वेळी उठल्यावर नणंदेला म्हणायच्या, "मागे बघ गं." नणंद बघून म्हणायची, "भिंत आहे."

मग तो दिवस आला. पाळीचा दुसरा, म्हणजे सगळ्यात बेभरवशाचा. पर्समध्ये बदलायची एक आणि ओली ठेवायची पिशवी होती. दुपारी एक आजी आल्या आणि पांढऱ्या सोफ्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या.

"बसा ना," खांबताई म्हणाल्या.

"नको बाई. पांढरा आहे. आमच्यासारख्यांनी लांबूनच बघायचा."

आमच्यासारख्यांनी म्हणजे कोणी, हे खांबताईंना विचारावं लागलं नाही. कपाटांच्या कडेला मालक एक दार अर्धवट उघडं धरून उभे होते.

खांबताई बसल्या. आधी काठावर, मग मागे टेकून. फोमने त्यांना बेताने आत घेतलं. इतकी वर्षं त्या लोकांना जे सांगत होत्या ते खरं होतं, हे त्यांना आज कळलं.

"तुम्ही बसलात म्हणून बसते हं," आजी म्हणाल्या.

दोघी बसल्या. सोफ्याबद्दल थोडं बोलल्या, सुनांबद्दल बरंच. आजींनी सोफा घेतला.

आजी गेल्यावर खांबताई उठल्या. मागे बघायला कोणाला सांगितलं नाही, स्वतः वळल्या. पांढऱ्यावर दोन खळगे होते, शेजारी शेजारी, हळूहळू भरत चाललेले. बाकी काही नव्हतं.

बाहेर टेम्पो येऊन लागला. हमालांनी सोफ्याला प्लास्टिक गुंडाळायला घेतलं. खांबताई मालकांच्या टेबलापाशी गेल्या, समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या,

"सबब विनंती की, आता येणारा दुसरा पांढरा सोफा कोणालाही विकण्यात येऊ नये. त्यावर बसून बाकीचे विकण्यात येतील."