कस्तुराबाईचा सत्कार

सत्काराच्या दिवशी सकाळी शालूने कंबर धरली, आणि कस्तुराबाईने तिच्याकडे नीट पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं, आणि थांबायची तिची मुळीच तयारी नव्हती. छावणीच्या फाटकाशी पांढरीशुभ्र एसी जीप येऊन उभी होती. कस्तुराबाईला न्यायला आजवर जीप आली होती ती एकदाच, मेंढरं सरकारी रानात शिरली तेव्हा, आणि त्या जीपला काही एसी नव्हता.

"आत्याबाई, कंबर लई भरून आलीय," शालू म्हणाली.

"गॅस असंल," लुगड्याच्या निऱ्या चापूनचोपून बसवत कस्तुराबाई म्हणाली. "शिळी भाकर खाल्ली ना काल? ओवा खाय."

"पोटातबी कळ येऊ लागलीय."

"मंग? गॅस पोटातच व्हतो. कानात व्हतो का?"

शालू गप्प बसली. सून गप्प बसली की आपलंच खरं, असं कस्तुराबाईचं आयुष्यभराचं गणित होतं. ती जीपमध्ये बसली आणि काच खालीवर करून पाहू लागली.

दोन हजार तेराचा उन्हाळा होता. पाऊस असा रुसला होता की विहिरींचे तळ पोरांना खेळायला मिळाले. कस्तुराबाईचा मुलगा शिवशंकर मेंढरं घेऊन चारा शोधत विदर्भात निघून गेला, आणि दोन गाई, एक म्हैस आणि पोटुशी सून घेऊन कस्तुराबाई बिडकीनजवळच्या चारा छावणीत येऊन राहिली. छावणीत जनावरांची चैन होती. रोज ऊस, रोज पेंड, कानात पिवळा बिल्ला, आणि सकाळ-संध्याकाळ ढोरांचा डॉक्टर फेरी मारून जायचा. म्हैस शिंकली तरी तो तिच्या नाकात डोकावायचा.

बायांकडे डोकावणारेही पुष्कळ होते. दुष्काळात बायांचे हाल होतात हे शहरातल्या सगळ्या संस्थांना एकाच महिन्यात उमगलं होतं. एक संस्था आली, तिने पॅड वाटले. दुसरी आली, तिने पॅड वाटले. तिसरीने आधी विचारलं, पॅड मिळाले का? बायांनी सांगितलं, मिळाले. तरी तिने पॅडच वाटले, कारण जीपमध्ये दुसरं काही नव्हतंच. त्या वर्षी मराठवाड्यात सुकाळ झाला तो तेवढाच. शेजारच्या खोपीतली दगडाबाई ते पॅड बैलाच्या सोललेल्या खांद्यावर बांधायची, आणि बैलाला ते मानवलेही. मग एकीने रक्तवाढीच्या गोळ्या वाटल्या, आणि एका संस्थेने निरोधाची खोकीच्या खोकी आणून टाकली. नवरे सगळे विदर्भात मेंढरांमागे आणि निरोध बिडकीनला! दगडाबाईने यावर जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण छावणी दोन दिवस हसत होती.

शालूला यातलं काहीच नको होतं. मागच्या खेपेला मेंढरांबरोबर चालताना, फर्दापूरच्या अलीकडे, निंबाखाली ती बाळंत झाली होती. मूल राहिलं नाही. रक्त इतकं गेलं की शालूही जातेच की काय असं झालं. फर्दापूरच्या डॉक्टरने तेव्हा बजावलं होतं, पुढचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यात आणि जवळ रक्त तयार ठेवून, नाहीतर करूच नका. म्हणून शालू येईल त्या संस्थेला दोनच गोष्टी विचारायची. कळा आल्या की गाडी कोण देईल? आणि हे एक मूल झालं की तांबी कोण बसवील? गाडीचं काम म्हणे दुसऱ्या संस्थेचं होतं, तांबीचं तिसऱ्या, आणि ती दुसरी-तिसरी पॅड वाटून कधीच निघून गेलेली असायची.

गाडीचा घोर कस्तुराबाईलाही होता. तांबीचं मात्र कोणी मनावर घेत नाही यावर ती मनातल्या मनात खूश होती. "नातू झाल्याबिगर तांबी नाय," असं तिने जाहीर करून टाकलं होतं, पोट जणू तिच्याच नावावर होतं.

या सगळ्या संस्थांना एका दाव्याला बांधायचं काम मनस्विनी नावाच्या मुलीकडे आलं होतं. शहरात वाढलेली, आजोबा-पणजोबांपासून लेखणीची माणसं, दोन्ही हातांत दोन फोन. पण पहिल्याच दिवशी ती शेणामातीत फतकल मारून बसली आणि उठल्यावर मागे झटकलं नाही, म्हणून कस्तुराबाईला आवडली होती. तिने सगळ्यांची बैठक बोलावली. छावणीतली एक बाई मंचावर असली तर फोटो बरा येईल, हे तिचे वरिष्ठ शंतनू साहेब यांना सुचलं. त्यांच्या डोक्यात फोटो आधी यायचा आणि बैठक मागून.

शहरात उस्मानपुऱ्यातल्या हॉटेलच्या त्या हॉलमध्ये एवढा गारवा होता की कस्तुराबाईला वाटलं, शाल त्यासाठीच देत असतील. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली होती, आणि दोन घोट घेऊन लोक ती विसरून जात होते. शंतनू साहेब समन्वयावर बोलले. समन्वयाचा अभाव, समन्वयाची गरज, समन्वयाची दिशा. मग टाळ्यांच्या गजरात कस्तुराबाईच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि पुढ्यात माइक आला.

आभार मानायचे असं तिने जीपमध्ये पाठ केलं होतं. पण सकाळपासून काहीतरी तिला बाभळीच्या काट्यासारखं सलत होतं, आणि तोंड उघडल्यावर तेच बाहेर पडलं.

"तुम्ही समदे मोठे लोक हाय. मला एक सांगा. माझ्या सुनेला कळा लागल्या, तर म्या फोन कोणाला लावायचा?"

पॅडवाल्यांनी गोळ्यावाल्यांकडे पाहिलं, गोळ्यावाल्यांनी निरोधवाल्यांकडे. निरोधवाल्यांनी छताकडे पाहिलं.

"फार महत्त्वाचा मुद्दा आहे," शंतनू साहेब म्हणाले. "आपण यावर उपसमिती नेमू."

आणि नेमका त्याच वेळी कस्तुराबाईच्या पिशवीतला फोन वाजला. दगडाबाईचा आवाज एवढा दांडगा की माइकमधून तो आख्ख्या हॉलला ऐकू आला. "कस्तुरा! शालीची पाणमोट फुटली! कळावर कळा येऊ लागल्यात! कोणत्या गाडीवाल्याला सांगती का सत्कारच करून घेती तिथं?"

नारळ काखेत मारून कस्तुराबाई मंचावरून तशीच उतरली. "गाडी! गाडी!" म्हणत ती मनस्विनीला दंडाला धरून हलवू लागली.

मनस्विनीने खिडकीतून खाली पाहिलं. हॉटेलच्या आवारात सगळ्या संस्थांच्या सगळ्या जीपगाड्या ओळीने उभ्या होत्या, धुऊनपुसून, दारांवर संस्थांची नावं. समन्वयाच्या बैठकीसाठी झाडून साऱ्या गाड्या शहरात आल्या होत्या. बिडकीनला एकही उरली नव्हती. ती बैठक मनस्विनीनेच बोलावली होती. ती जिन्याकडे धावली.

मनस्विनीची जीप निघताच बाकीच्या कशा मागे राहतील? हॉटेलच्या फाटकातून गाड्यांची रांगच निघाली. पैठण रोडवर दोन्ही बाजूंना नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या ओल्या स्लॅबवर टँकरचं पाणी धो धो सोडलं जात होतं. एरवी कस्तुराबाईने बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज तिला ते दिसलंच नाही.

"ती सांगत व्हती मला," ती म्हणाली. "सकाळीच सांगत व्हती. म्या म्हणले गॅस हाय. मला जीप दिसत व्हती ना, जीप! त्या निंबाखाली तिचं डोकं माझ्याच मांडीवर व्हतं, अन् तरी म्या म्हणले गॅस हाय." आणि ती सत्काराच्या शालीत तोंड खुपसून रडली. तिला स्वतःची एवढी चीड कधी आली नव्हती.

मनस्विनीने ड्रायव्हरला जीप आणखी दामटायला सांगितली.

तेवढ्यात समोरून हॉर्न बोंबलत एक ट्रक आला. छावणीत ऊस टाकून रिकामा परत फिरणारा कडुबाचा ट्रक. मागच्या हौद्यात दगडाबाई उभी होती, एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने पदर फडकवत आणि जीपांच्या त्या लांबलचक रांगेला शिव्या घालत.

"फिरवा!" कस्तुराबाई किंचाळली. "शाली त्याच्यात हाय!"

मनस्विनीची जीप वळली. बाकीच्यांना वाटलं, ही वाट चुकली. ते तसेच सुसाट बिडकीनला पोहोचले. छावणीवाल्यांना वाटलं मंत्री आले, म्हणून त्यांनी घाईघाईने गाईंच्या पाठी पुसायला घेतल्या.

रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यापाशी कडुबाने ट्रक घातला तेव्हा वॉचमनने काठी आडवी केली. "ढोरांचा दवाखाना पुढं हाय."

"बाई हाय ट्रकात, बाई!" कडुबा ओरडला. "फाटक उघडतो का ट्रक घालू त्याच्यातून?"

फाटक उघडलं. उसाच्या चिपाडांवर गोधडी टाकून निजवलेली शालू आत गेली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मागोमाग कस्तुराबाई पोहोचली, पण दारातूनच मागे फिरून ती बाहेरच्या बाकावर बसली.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मूल झालं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. होत्या त्या पिशव्या लावल्या होत्या. उन्हाळ्यात रक्तपेढ्या रिकाम्या असतात. शहरातून आणखी पिशव्या मागवता येतील, पण बदल्यात रक्त देणारी माणसं उभी करा, आणि लवकर करा.

"माणसं?" मनस्विनी म्हणाली आणि तिने फोन उचलला. त्या दिवशी तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सगळ्यांनी परत फिरा. सगळ्यांनी. नाही, बॅनर नको. हात घेऊन या."

आणि आले. पॅडवाले, गोळ्यावाले, निरोधवाले, सगळे त्या दवाखान्याच्या ओसरीत बाह्या वर करून रांगेत बसले. कोण आधी यावर वाद झाला नाही, कारण आधी जायला कोणीच उत्सुक नव्हतं. दगडाबाई आणि कडुबा केव्हाच देऊन मोकळे झाले होते. शंतनू साहेब मात्र सुईकडे पाहून मागे सरकले.

"मला जरा शुगरचा... तसं नक्की काही नाही, पण..."

कस्तुराबाई बाकावरून उठली. "साहेब, म्या बैलाच्या नाकात वेसण घालते. तुमचा तर नुसता दंड हाय. तिकडं बघा, भिताडाकडं." तिने त्यांचा हात धरला तो असा की बैलही हलला नसता. साहेबांनी डोळे मिटले, रक्त दिलं, उठले, आणि जागच्या जागी कोसळले. मग सत्काराचा नारळ ओसरीच्या पायरीवर फोडला गेला आणि त्याचं पाणी साहेबांच्या तोंडात घातलं गेलं. आख्ख्या सत्काराचा तेवढा तरी उपयोग झाला.

उन्हं कलली तेव्हा रक्त थांबलं. सिस्टरने कस्तुराबाईला आत बोलावलं. ती चोरासारखी दारात उभी राहिली. शालू खाटेवर पडली होती, हळद लावल्यासारखी पिवळी, पण डोळे उघडे होते. तिच्या कुशीत एक लालबुंद गाठोडं होतं.

"आत्याबाई," शालू पुटपुटली, "गॅस झाला."

कस्तुराबाईने मान खाली घातली.

"पोरगी हाय," शालू म्हणाली.

कस्तुराबाई पुढे आली. तिने शाल खांद्यावरून काढली, पोरीला तीत गुंडाळलं आणि तिच्या कपाळाला गाल लावून ती हुंदके देऊन रडली. नातवाचं तिच्या तोंडून काही निघालं नाही. शालूने तेही पाहिलं.

सिस्टर कागद घेऊन आली. "ही तांबी बसवा म्हणते. आत्ता नाही, दीड महिन्याने यावं लागेल." मनस्विनी दारातूनच म्हणाली की आणायची गाडी मी पाठवीन, फोन मला करायचा, बाकी कोणाला नाही. सिस्टरने मान डोलवली आणि रिवाजाप्रमाणे सासूकडे पाहिलं. "बोला आजी. तुमचं काय म्हणणं?"

शालूचे डोळे सासूवर खिळले होते. कस्तुराबाईने नाक पुसलं.

"मला नका इचारू," ती म्हणाली. "म्या सकाळी गॅस सांगितला व्हता."