पुंजारामचा हात

माझ्या काळी खेड्यात कुणाकडे जन्मदाखला नसायचा. शाळेत नाव घालताना मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. बोटं कानाला टेकली की सहा वर्षं पूर्ण धरायची आणि रजिस्टरात एक जून लिहायचं. सायखेड्याच्या शाळेत अशी कितीतरी मुलं मी भरती केली.

पुंजाराम त्यातलाच. हाडकुळा, हात आखूड. बोटं जेमतेम टेकली. त्याची आई नवसाबाई म्हणाली, "गुरुजी, आठ वर्साचा हाय ह्यो. माझी थोरली गेली त्याच साली झाला. मी कशी चुकंन?"

"बाई, तुमच्यापेक्षा त्याचा हात खरं सांगतो," मी म्हणालो आणि हसलो. वर्गही हसला. तिने पुन्हा सांगितलं. मी १ जून १९६२ लिहिलं.

यंदा जानेवारीत त्याचा कॅनडातून फोन आला. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तो आणि त्याची बायको लताबाई मुलाकडे, ज्ञानेशकडे, कायमचे राहायला गेले होते.

"गुरुजी, लताला अर्धांगवायू झालाय. दवाखान्यात ठेवलीय, दोन बस लांब. इथं पासष्ट झाली की बसचा पास फुकट. मी कागदावर त्रेसष्टचा."

"ज्ञानेश नेत नाही?"

"रविवारी नेतो. बाकी दिवस दोघंबी कामावर. तिकिटासाठी रोज सुनेपुढं हात पसरू का? चालत जातो, दीड तास. नर्स भरवाय लागली की लता तोंड उघडत नाय. माझ्याच हातनं जेवती."

"अरे, बर्फात?"

"बर्फातच. आपली निफाडची थंडी म्हणजे चेष्टा होती, गुरुजी."

त्याला माझं प्रतिज्ञापत्र हवं होतं. वय लिहिताना चूक झाली, असं शाळेच्या मास्तरांचं लेखी आणा, मग बघू, असं तिथल्या बसकचेरीतली बाई म्हणाली होती.

"करतो," मी म्हणालो. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

नाशकात आमच्या कॉलनीतल्या मुलांना मी संध्याकाळी गणित शिकवतो. चुकलं तर खोडून लपवू नका, शेजारी बरोबर उत्तर लिहा, हे त्यांना रोज सांगतो. माझा कागद मात्र मी तीनदा लिहून फाडला. एकदा 'माहितीअभावी' लिहिलं. एकदा 'तत्कालीन पद्धतीनुसार' लिहिलं. आईने खरं वय सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, हे वाक्य काही हातून उतरेना. अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी त्याचाच फोन आला.

"कागद राहू द्या आता, गुरुजी."

लताबाई गेली होती. त्या सकाळी तो वाटेत घसरून पडला. गुडघा धरून बसथांब्यावर बसून राहिला. समोरून दोन बस गेल्या. मग लंगडत निघाला. पोचला तेव्हा पलंग रिकामा होता.

"जेवणाचं ताट तसंच होतं," तो म्हणाला. "झाकलेलं."

मग त्यानेच विचारलं,

"एक सांगा. माझी आई खोटं बोलली नव्हती ना?"

"नाही रे, पुंजा. खरं बोलत होती. दोनदा सांगितलं तिने मला."



"तुम्ही हसला होता, गुरुजी," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.