गालिच्याला पाणी

सावाको आमच्या घरी आली तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. अजून मूलबाळ नव्हतं, म्हणून गच्चीलगतची खोली तिला द्यायला कुणाची हरकत नव्हती. ती सत्तावीस वर्षांची, जपानमधल्या कानाझावाची. तीन महिने राहायचं, आमच्या कैरवान गावातल्या जुन्या दारांचे फोटो काढायचे आणि परत जायचं, असा तिचा बेत होता. माझ्या सासूबाईंनी, लल्ला खदूजांनी, तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हाडं दिसतायत पोरीची. आधी जेव, मग दारं बघ."

त्या तीन महिन्यांची चाळीस वर्षं झाली.

फोटो काढून झाल्यावर तिनं ते कापले आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्यात बसवले. तो लगदा पसरून ती गच्चीवर कागद वाळवायची. आमच्या मिरच्या आणि तिचे कागद शेजारी शेजारी. मिरचीचा लाल डाग कागदाला पडला, तर मला वाटलं आता रडेल. तिनं आणखी मिरच्या मागितल्या! मग माती आली, मग शाईनं रंगवलेली लांबच लांब कापडं. मग एक छोटा सिनेमा, त्यात वीस मिनिटं नुसते माझे हात लोकर पिंजतायत. राजधानीत, ट्यूनिसला, तो दाखवला तेव्हा माझा नवरा पाहून आला आणि म्हणाला, "बेया, तुझे हात इतके सुंदर आहेत, हे घरात कधी कळलंच नाही गं."

"घरात तू ताटाकडे बघतोस," मी म्हटलं.

शेजारची मोंजिया तिला फार चिडवायची. "सात धंदे हाती, नशीब मात्र माती! सावाको, तू नक्की आहेस तरी कोण? फोटोवाली, कुंभारीण की रंगारीण?"

"सगळंच," सावाको म्हणायची. "फक्त तुझं तोंड बंद करायची कला तेवढी जमली नाही."

भाषा ती भाजीबाजारात शिकली होती. टोमण्यासाठी तिला शब्द कधी शोधावे लागले नाहीत.

ट्यूनिस, मार्सेय, बर्लिन, सगळीकडे तिची प्रदर्शनं झाली. कानाझावाहून मात्र बोलावणं आलं नाही. तिचा मोठा भाऊ तिथे शाळामास्तर होता. दर नव्या वर्षाला तो पत्र लिहायचा आणि शेवटी एकच विचारायचा, तिकडे तू नेमकं काय करतेस? ती उत्तरादाखल कागद पाठवायची, फोटो पाठवायची. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न.

तिची सदुसष्टी उलटली आणि कानाझावाच्या कलादालनाचं पत्र आलं. मोठं दालन, सगळं तिच्या एकटीसाठी. ती जिन्याच्या पायरीवरच बसली. "आता दादाला कळेल," एवढंच म्हणाली.

पुढची दोन वर्षं आम्ही दोघींनी सासूबाईंच्या मागावर गालिचा विणला. तळाला दारं, त्यांच्यावर मिरचीचा लाल, त्यावर शाईचा काळा. तिची सगळी वर्षं खालून वर चढत गेली. वरचा हातभर ताणा तिनं मोकळा ठेवला. त्या उभ्या धाग्यांवर माझ्या हातांचा सिनेमा पाडायचा, आणि गालिचा न कापता, मागासकट कानाझावाला पाठवायचा, असं तिनं ठरवलं होतं. मला हे माहीत होतं. सासूबाईंना सांगायचं मी आज-उद्यावर ढकलत राहिले. चूक माझीच.

सामान पेटीत भरणारी माणसं ट्यूनिसहून आली त्या सकाळी, नव्वदीच्या सासूबाई काठी टेकत आल्या आणि मागासमोर बसल्या.

"हा असा जाणार नाही."

"आई, विमान ठरलंय," सावाको म्हणाली.

"मग विमानाला सांग, खदूजा नाही म्हणते. अगं, ताणा चढला की मागात जीव येतो. तो जिवंतच परक्यांत नेऊन टांगणार? पाणी न पाजता? चाळीस वर्षं माझ्या घरचं कुसकुस खाल्लंस, आणि एवढंही समजलं नाही?"

आमच्याकडे मागावरून गालिचा कापताना आधी त्यावर पाणी शिंपडतात, जाणाऱ्या माणसाच्या ओठांना लावतात तसं. न कापलेला गालिचा कुणाच्या घरातून बाहेर गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

सावाकोनं मागाच्या चौकटीवर हात ठेवला. "कापला की तो नुसता गालिचा होतो, आई. माझं काम उरतच नाही. दादा येईल आणि पायपुसणं बघून जाईल."

"पायपुसणं? माझ्या मागावरचं?"

"तिला तसं नव्हतं म्हणायचं," मी मध्ये पडले.

"तू बोलू नकोस. दोन वर्षं गप्प होतीस ना? आता आणखी थोडी राहा."

सावाको वर निघून गेली. पेटीवाल्यांचे दोन वेळा चहा झाले. प्रदर्शन बुडालं असंच मी धरून चालले होते. तासाभरानं ती खाली आली, ती हातात पाण्याचं पितळी भांडं घेऊन.

"दादा विचारेल, हे काय आहे," ती सासूबाईंसमोर बसून म्हणाली. "चाळीस वर्षांत त्याला कळेल असं एकही उत्तर मी दिलं नाही. निदान या वेळी सांगता येईल, गालिचा आहे. पण कापणार मी."

कापण्याचा मान घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईचा. सासूबाईंनी तिच्या हातातलं भांडं घेतलं. मग कमरेची सुरी काढून त्यांनी तिच्या हातात दिली. "माझे हात थरथरतात म्हणून हं. नाहीतर दिली नसती."

कापताना पुरुष नकोत, म्हणून त्यांना गल्लीत पिटाळलं. सासूबाईंनी पाणी शिंपडलं, बिस्मिल्ला म्हटलं. सावाकोनं डावीकडून एकेक धागा कापत नेला. शेवटचा तुटला तसा गालिचा आमच्या तिघींच्या मांडीवर ओघळला. केवढा जड होता!

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता यावर खुशाल बसा, जेवा, लोळा."

ते शेवटचं वाक्य सावाकोनं उचललं. माग घरीच राहिला आणि सिनेमाही. कानाझावात तिनं भलंमोठं दालन रिकामं ठेवलं, मधोमध फरशीवर गालिचा पसरला आणि पाटी लावली, बूट काढून बसा.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक, कुजबुजल्यासारखा.

"बेया, दादा आलाय. गाठी हातानं चाचपल्या. विचारलं, कुणी विणला? म्हटलं, मी आणि बेयानं. मग बसला. लाल पट्ट्यावर हात फिरवत बराच वेळ बसला."

"मग? काय म्हणाला?"

"काहीच नाही. आडवा झाला. झोपलाय गं. घोरतोय! लोक त्याला वळसा घालून बसतायत. उठवू का?"

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला, तोंडापाशी उलटा धरला आणि ओरडल्या, "खबरदार उठवलंस तर!"